एका माणसाला एकच हेल

पॉडिनची सोरखा चोवीस सिनेमांत रडली. कधी विधवा होऊन, कधी बुडालेल्या पोराची आई होऊन, कधी नुसती गर्दीतली बाई होऊन. लंडनच्या स्टुडिओत रडणारी बाई हवी असली की हिलाच बोलावणं जायचं. सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात त्यात तिचं नाव सॅरा फ्लड असं यायचं. आमच्या बेटावर मात्र ती शेवटपर्यंत पॉडिनची सोरखाच राहिली. आणि जिथं तिला एकदाच खरोखरीचं रडायचं होतं, तिथं आम्ही तिला रडू दिलं नाही.

‘आम्ही’ म्हणतोय त्यात मीही आलो. कोलमन माझं नाव. तिच्या भावाबरोबर एका होडीत सहा वर्षं वल्ही मारली मी.

आमचं बेट म्हणजे दगड. बटाट्यापुरती माती आहे ती समुद्राचं शेवाळ आणि वाळू पाठीवर वाहून आमच्याच लोकांनी केलेली. हातभर खणलं की पहार खणकन वाजते. त्यामुळं जगायचं इथं आणि पुरायचं पलीकडच्या बेटावर. तिथं माती आहे. मधे अर्ध्या तासाचं वल्हवणं. म्हणजे शेवटचा प्रवासही होडीतूनच.

आणि माणूस गेला की बाया हेल काढायच्या. हेल म्हणजे नुसतं रडणं नव्हे. गळा काय, शेळीसुद्धा काढते. हेलात आधी मेलेल्याचं नाव घ्यायचं, मग बापाचं, मग तो काय काम करायचा ते, आणि मग प्रश्न विचारायचे. प्रश्न असे की मढ्याला उत्तर देता येऊ नये. तुझी गाय कोण पिळील, तुझ्या चुलीत कोण फुंकील, असं विचारत विचारत त्याला दाराबाहेर पोचवायचं. एका माणसाला एकच हेल. दुसऱ्यांदा काढला तर गेलेला वाटेत थबकतो, मागं वळतो, आणि मग इकडचाही राहत नाही नि तिकडचाही होत नाही.

हेल काढण्यात बॅबीन म्हातारीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाद्रीबाबांनी बंदी घातलेली. पण म्हातारी त्यांना तोंडावर म्हणायची, “बाबा, तुमी लॅटिनमदी देवाला सांगा, मी आपल्या बोलीत मढ्याला सांगते. दोघांचं गिऱ्हाईक येगळं.” सोरखाचा बाप पॉडिन बुडाला आणि सापडला नाही, तेव्हा त्याचं कोरडं जाकीट ओसरीवर पसरून बॅबीननं हेल काढला. सोरखा तेव्हा बारा वर्षांची. म्हातारीच्या शालीचा पदर धरून ती शब्द न् शब्द ऐकत राहिली. मग म्हातारी जाईल त्या मढ्याला ही मागं. दोन-चार वर्षांत लोक म्हणायला लागले, बॅबीननं विहीर खणली, पण पाणी पोरीला लागलं.

आई नेली दिवसभर शेवाळ काढायला किनाऱ्यावर असायची. त्यामुळं धाकट्या फेस्टीला सोरखानंच वाढवलं. बटाटा सोलून, फुंकून, याच्या तोंडात. सोळाव्या वर्षी फेस्टी आमच्या होडीत आला. लाकडी पट्ट्यांवर डांबरी कापड ताणलेली होडी, तीन फळ्या, तीन माणसं, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही. पुढं मी, मागं माझा काका टायमिन, तो तांडेल. मधली फळी पॉडिनची होती, ती फेस्टीची झाली. लहानखुरा होता, पण वल्हं असं ओढायचा की मला पुढं बसून नुसतं गाणं म्हणावंसं वाटायचं.

सन छत्तीसच्या उन्हाळ्यात सिनेमावाले आले. त्यांचा म्होरक्या पेनरोज साहेब, ऊन नसतानाही नाक सोललेला. आमच्या होड्या, आमची गाढवं, आमच्या फाटक्या विजारी, सगळं त्याला हवं. हे सगळं आम्हाला फुकटच पडलेलं, आम्ही दिलं. मग त्याला पाहिजे होती मढ्यावर रडणारी बाई. मढं म्हणून त्यांनी आपला एक नट फळीवर निजवला आणि तोंडाला पीठ फासलं. तो मधेच शिंकायचा. बॅबीन म्हातारीला बोलावलं.

“मढं कुठाय?” म्हातारीनं विचारलं.

“हे काय, आजी,” मी म्हणालो. इंग्रजी समजावून सांगायला मला ठेवलं होतं.

म्हातारीनं काठीनं त्याच्या पोटात ढोसलं. मढं कळवळून उठून बसलं.

“ह्यो मेला की सांगावा धाडा,” म्हणाली आणि घरी गेली.

मग सोरखा उभी राहिली. सव्वीसची होती, लाल घागरा, उंच, वाऱ्यानं केस तोंडावर. आईला नवी चूल हवी होती, म्हणून हो म्हणाली. किनाऱ्यावर लाटांचा आवाज एवढा की आवाज नंतर लंडनात नेऊन भरू, म्हणाले. इथं नुसतं तोंड उघडायचं. होडीत टाकलेला मासा उघडतो तसं तिनं तोंड उघडलं. पेनरोज साहेब खूष.

सप्टेंबरात तिला लंडनला न्यायचं ठरलं. धक्क्यापासून पुढं पाणी उथळ होतं म्हणून फेस्टीनं तिला पाठुंगळी घेऊन होडीत ठेवली.

“लंडनात रडायला निघाली बया,” तो म्हणाला. “हितं काय कारनं कमी व्हती?”

“तुजं लगीन ठरलं की हितंच रडीन. त्या बिचारीसाठी.”

“पंधरा दिसांत ये. आई मला कच्चे बटाटे घालंल.”

पुढचं तिनं मला फार वर्षांनी सांगितलं. लंडनात तिला एका खोलीत उभं केलं. भिंतींना जाडजूड गोधड्या लावलेल्या. बोललेलं सगळं त्या भिंतींत जिरायचं, आपलाच आवाज आपल्या कानाला परका लागायचा. समोर लोखंडी दांड्यावर आवाज पकडायची एक डबी. कागदावर मेलेल्याचं नाव लिहिलेलं, माइक. माइक कोण, कुणाचा, त्याची गाय कुठली? तीन दिवस ती त्या माइकला हाका मारत होती आणि घशातून नुसती हवा येत होती. चौथ्या दिवशी पेनरोज साहेब म्हणाला, “बाई, तुझ्या भाषेत काहीही म्हण. इथं कुणाला कळतंय?”

त्याच सकाळी घरमालकिणीच्या रेडिओवर तिनं ऐकलं होतं, आमच्या पश्चिम किनाऱ्यावर तुफान आहे. निघाल्यापासून घरून पत्र नव्हतं. मासे असतील तर आमची होडी तुफानातही जाते, हे तिला माहीत होतं. ती गोधडीकडं बघत उभी राहिली, आणि तोंडातून नाव गेलं ते फेस्टीचं. मग बापाचं. मग मधली फळी. मग प्रश्न. एका दमात सगळा हेल. खोलीतली माणसं, ज्यांना एक अक्षर कळत नव्हतं, ती डोळे पुसत होती. जिवंत भावाचा हेल निघाला, हे सोरखाला बाहेर आल्यावर कळलं. पण मग तिनं स्वतःला समजावलं, गेलं ते भिंतीत जिरलं. सिनेमा फिरत फिरत परत येतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पेनरोज साहेबानं तिला पुढच्या दोन सिनेमांतही घेतलं. पंधरा दिवसांचे नऊ महिने झाले.

फेब्रुवारीत आमचा सिनेमा पलीकडच्या बेटावरच्या गावात, मोठ्या सभागृहात लागला. सगळं बेट पाच होड्यांतून निघालं. बॅबीन म्हातारीसुद्धा, खुर्चीसकट. सुरुवातीला काय तो गोंधळ! “अगं, माजं गाढव!” “टायमिन, तुजी विजार मागून फाटलीय, सगळ्या जगानं बघितली!” काका म्हणाला, “बघू द्या. चांगली बाजू हाय ती माजी.” गावातले इंग्रजी बोलणारे लोक पुढच्या खुर्च्यांवरून वळून आम्हाला गप्प करत होते.

मग खडकावर सोरखा आली. आणि तिचा आवाज.

“फेस्टी, पॉडिनच्या लेका, माझ्या हातच्या घासा... मधल्या फळीच्या राजा... तुझं वल्हं आता कोण ओढील, फेस्टी? तुझं वल्हं आता कोण ओढील?”

पुढच्या खुर्च्यांवर बाया हुंदके द्यायला लागल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. मागं आम्ही बसलो होतो. टायमिनकाकानं डोक्यावरची टोपी काढली. मग एकेक करत सगळ्या पुरुषांनी काढल्या. आमच्यात मढं समोरून गेलं की काढतात तशा.

“आरं, मी हितंच हाय की!” फेस्टी हसून म्हणाला. आजूबाजूला बघितलं. कुणी हसलं नाही. नेली उठली, आणि भिंतीला हात लावत लावत बाहेर गेली.

परत निघालो तेव्हा चार वाजले असतील, उजेड चांगला होता, समुद्र ताटासारखा सपाट. फेस्टीनं नेहमीसारखा एक पाय होडीत ठेवला.

“फेस्टी,” काका म्हणाला, “तू आज दुसऱ्या होडीत बस.”

“का? मी जाड झालो व्हय?”

“बस म्हनतो ना.”

तो दुसऱ्या होडीकडं गेला. तिथले म्हणाले, भरली. तिसरी भरली. चौथी, पाचवीही भरली. मग तो परत आला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “कोलमन, तू तरी सांग की ह्याला.”

मी होडीच्या दोराची गाठ बघत बसलो. गाठ पक्की होती, बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ज्याचा हेल झाला, तो समुद्राच्या खात्यात गेला. त्याला होडीत घेणं म्हणजे समुद्राला म्हणणं, ये, तुझं तू ने, आणि सोबत आणखी दोन ने. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आईच्या दुधातून येतं. फेस्टीलाही आलं होतं. म्हणून तो भांडला नाही. रात्र धक्क्यावर काढून दुसऱ्या दिवशी जळणाची ढेकळं आणणाऱ्या मोठ्या गलबतातून तो बेटावर आला. गलबतवाला परगावचा, त्याला काही ठाऊक नव्हतं.

आम्ही त्याच्याशी वाईट वागलो असं कुणी म्हणू नये. रोजच्या माशांतला त्याचा वाटा नेलीच्या कुंपणावर ठेवत होतो. तो बोलला तर बोलत होतो. मधल्या फळीवर माझ्या मावसभावाला घेतलं. फेस्टीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, ते धुरासारखं विरलं. पोरीचा बाप म्हणाला, “मेलेल्याला पोरगी कशी देऊ?” बोलला आणि त्यालाच वाईट वाटलं, म्हणून वर एक कोंबडी पाठवून दिली.

जूनमध्ये सोरखा आली. डोक्यावर टोपी, अंगात निळा कोट, दोन्ही हातांत पुडकी. होडीतून उतरता उतरताच भावाला शोधत होती. तो चढावर वाट बघत उभा होता, ओल्या वाळूच्या रेघेच्या अलीकडं. भरतीचं पाणी जिथवर येतं तिथवरही तो तेव्हापासून जात नसे.

नेलीनं तिला घरातही घेतलं नाही आधी. दारातच विचारलं, “तू माज्या लेकाला रडलीस?”

“आई—”

“नाव घ्येऊन?”

सोरखाच्या हातातली पुडकी खाली पडली. आईकडून सगळं ऐकून ती तशीच टोपी घालून आमच्या घरी आली. काका जाळं शिवत होता.

“टायमिनकाका, त्यो जित्ता हाय.”

“हाय की. म्या कुठं न्हाई म्हनलं?”

“मंग त्याला होडीत घ्या.”

“पोरी, मी ऐकलं, तू ऐकलं, त्या सभागृहात पंच्याऐंशी मानसांनी ऐकलं. एवढ्यांनी ऐकलं ते दर्यानं ऐकलं नसंल व्हय?”

“त्यो सिनेमा व्हता, काका. खोटा.”

“माजी विजार खोटी व्हती का? फाटलेली दिसली ना?” काकानं सुई थांबवली. “तुला खोटंच रडायचं व्हतं तर खोटं नाव घ्यायचं. खरं नाव कशाला काढलंस?”

ती बॅबीन म्हातारीकडं गेली. म्हातारीनं चिलीम पेटवली. “हेल मागं घ्येतलेला म्या तरी ऐकला न्हाई. पन तुजा हेल हवेत गेला न्हाई. कशात तरी भरून ठेवलाय म्हनत्यात. जे भरून ठेवता येतं ते काढताबी येत असंल. ते हितं आन. जाळून राख दर्यात सोडू. मंग बघू टायमिन काय म्हनतो.”

सोरखा त्याच होडीनं परत फिरली. पेनरोज साहेबानं आधी तिला वेड्यात काढलं. सिनेमातला सगळ्यात गाजलेला तुकडा तो. मग त्यानं हिशेब केला असावा, की ज्या पट्टीवरून सगळ्या प्रती निघतात त्या मूळ पट्टीचं आता काही काम नाही, प्रती जगभर गेल्यात. तो म्हणाला, देतो. पण सात वर्षांचा करार कर. देऊ ते काम करायचं, नाही म्हणायचं नाही. तिनं न वाचता सही केली. सिनेमातलं तिचं नाव झालं, ते असं. लोकांना वाटतं बाई हौसेनं गेली.

सप्टेंबरात ती बिस्किटाचा डबा घेऊन आली. आत काळीभोर चकचकीत पट्टी, सापाच्या कातीसारखी. खिडकीशी धरली की एका हातभर पट्टीत वीसेक सोरखा, सगळ्या खडकावर, सगळ्यांची तोंडं उघडी. ओहोटीच्या वेळी आम्ही किनाऱ्यावर जमलो. काका, बॅबीन, नेली, सोरखा, मी. फेस्टीही आला होता, दाढी करून. काकानं सकाळीच मला सांगितलं होतं, “आज हे निस्तरलं की उद्या मधली फळी मोकळी ठेव.” फेस्टीला ते कळलं होतं. तो आपली जुनी वल्ही तेल लावून सोबतच घेऊन आला होता.

काकानं डबा खडकावरच्या डबक्याच्या काठाला ठेवला आणि काडी लावली.

गवत पेटतं तसं पेटलं नाही ते. भक्कन उठलं. काकाच्या दोन्ही भुवया गेल्या. त्यानं ओरडून डब्याला लाथ घातली आणि डबा डबक्यात गेला, पुरता बुडाला. आम्ही हसायला लागलो होतो. आणि मग हसू थांबलं.

ते पाण्याखाली जळत होतं. समुद्राच्या पाण्याखाली, ढवळा-पिवळा जाळ, फसफसत, वर पिवळा धूर येत होता. फेस्टीनं टोपीनं पाणी ओतलं, उगाच, पाण्यावर पाणी. शेवटचा इंच जळेपर्यंत ते विझलं नाही.

“दर्यानंबी इझंना,” काका हळूच म्हणाला.

बॅबीन म्हातारीनं शाल डोक्यावर ओढली. नेली खाली वाकून दगडच वेचायला लागली, कशाला ते देव जाणे. फेस्टीनं वल्ही उचलली आणि चढ चढून घरी गेला.

पुढं कधीतरी शहरातल्या एका माणसानं मला सांगितलं, त्या काळची सिनेमाची पट्टी तशीच असायची, पाण्यातही जळायची, त्यात नवल काही नाही. मी ते येऊन काकाला सांगितलं. काका म्हणाला, “आता काय उपेग? त्याचं हात बग. सुताराचं झालं.” खरंच होतं ते. तोवर फेस्टीचे केस पांढरे व्हायला लागले होते.

सोरखाच्या करारातली बरीच वर्षं लढाईत गेली. नेली त्रेचाळीसमध्ये वारली, तार सोरखाला अठरा दिवसांनी मिळाली. नेलीचा हेल बॅबीननं काढला. नेलीची शवपेटी पलीकडच्या बेटावर निघाली तेव्हा फेस्टी चढावर उभा राहिला, आणि होड्या ठिपक्याएवढ्या होईपर्यंत उभाच होता. आईच्या मातीला त्याला जाता आलं नाही.

तो वल्ही करायला लागला होता. बेटावरच्या सगळ्या होड्यांची वल्ही त्याच्या हातची. लांबून लाकूड यायचं, तो तासायचा, घासायचा, मांडीवर तोलून बघायचा. संध्याकाळी आम्ही होडी डोक्यावर घेऊन चढ चढायचो तेव्हा तो विचारायचा, “डावं हलकं लागतंय का?” एवढाच त्याचा समुद्र. नाताळला एक खारवलेला मासा लंडनला पाठवायचा. सोरखा तो खोलीत टांगून ठेवायची. घरमालकीण म्हणायची, मिस फ्लड, या खोलीत काहीतरी मेलंय. सोरखा म्हणायची, नाही, मेलेलं नाही.

तिकडं ती रडत होती. लढाईच्या सिनेमांत, दुष्काळाच्या सिनेमांत, राजाराणीच्या सिनेमांत मागं उभी राहून. पण नाव घेऊन पुन्हा कधी रडली नाही. नुसता आवाज काढायची, आत काही नसलेला. कुणाला फरक कळला नाही. एका वर्तमानपत्रानं तर लिहिलं, पूर्वीपेक्षाही काळजाला भिडते. मग रंगीत सिनेमे आले, हसरे आले, आणि रडणाऱ्या बाईचं बोलावणं कमी होत गेलं.

सन अठ्ठावन्नच्या वसंतात फेस्टीला छातीचं दुखणं जडलं. मी सोरखाला चिठ्ठी लिहिली. ती आली ती परतीचं तिकीट न काढता. अठ्ठेचाळीसची बाई, तोंडावरचा रंग पुसलेला. पाच आठवडे तिनं त्याचं सगळं केलं. बटाटा सोलून, फुंकून, त्याच्या तोंडात.

मी तिथंच चुलीशी बसलो होतो तेव्हाची गोष्ट. तिनं त्याला विचारलं, “राग हाय का रे माजा?”

“कशाचा?”

“ठावं हाय तुला.”

तो खोकला, थुंकला, मग म्हणाला, “तुला रडू येईना, आनि कुनाच्या नावानं आलं? माज्याच ना? दुसऱ्या कुनाचं नाव घ्येतलं असतंस तर मला राग आला असता.” मग थोड्या वेळानं, “एक कर. त्यो हेल मला पुन्ना म्हनून दाखव. त्या दिवशी नीट ऐकू आला न्हाई. ती मानसं टाळ्या पिटत व्हती.”

“न्हाई,” सोरखा म्हणाली. “आता पुन्ना न्हाई चुकायची. तुजी येळ यील तवा काढीन. असा काढीन की पलीकडची मढी उठून बसतील.”

“मंग मला काय ऐकू यायचं?”

“ऐकू यील.”

तो हसला. “लंडनात राहून खोटं बोलायला शिकलीस.”

चार दिवसांनी, दुपारी, बटाट्याचा घास तोंडात असतानाच तो गेला.

पेटी घरात ठेवली. आलेल्यांसाठी ताटात तंबाखू, तपकीर, चिलमी. बायामाणसं दाटीनं बसलेली. नव्या पोरींनी हेल कधी ऐकलाच नव्हता, त्या मुद्दाम आल्या होत्या. सोरखानं त्याला स्वतः धुतलं, दाढी केली. मग उठली, केसांतल्या पिना काढून केस मोकळे सोडले. दोन्ही तळहात पेटीच्या काठावर ठेवले, आणि छाती भरून श्वास घेतला.

“सोरखा,” कोपऱ्यातून आवाज आला. बॅबीन म्हातारी, नव्वदीपार, दोन्ही डोळे गेलेले. “खाली बस.”

“आजी, भाऊ हाय माजा.”

“व्हय. आनि त्याचा हेल झालाय. वाटंत उभा करतीस का त्याला?”

“त्यो खोटा व्हता, आजी! एका खोलीत व्हता, भिंतींना गोधड्या—”

“खोटा असता,” म्हातारी म्हणाली, “तर ह्यांनी त्याला होडीत घ्येतला असता.”

सोरखानं एकेकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. एकवीस वर्षांपूर्वी धक्क्यावर तिच्या भावानं बघितलं होतं तसंच. मी एक शब्द बोललो असतो, आमचं चुकलं एवढं जरी, तर तिचा हेल मोकळा झाला असता. माझ्याजवळ बघायला या खेपेला दोरही नव्हता. तरी मी खालीच बघितलं. तिनं घेतलेला श्वास तसाच हळूहळू सोडला आणि बसली. पेटी निघेपर्यंत तिथून हलली नाही, की तोंडातून आवाज नाही.

सकाळी पेटी धक्क्यावर आणली. होडी आमचीच. मागची फळी काढून तिथं पेटी ठेवली. पुढं मी बसलो. मधल्या फळीवर बसायला कुणी पुढं होईना. प्रत्येकाला आपापली होडी होती, प्रत्येकाला काहीतरी काम आठवत होतं. ऐंशीचा टायमिनकाका काठीवर रेलून उभा होता.

सोरखानं बूट काढले, घागरा खोचला, पाण्यात उतरली आणि होडीत चढून मधल्या फळीवर बसली.

“पोरी, बाईमानसानं—” काका म्हणाला आणि थांबला. मग टोपी काढली.

ती तळहातांवर थुंकली आणि वल्ही धरली. फेस्टीच्याच हातची होती. वल्हवणाऱ्याचं तोंड मागच्या बाजूला असतं, त्यामुळं तिच्यासमोर पेटी होती आणि मला तिची पाठ दिसत होती. मोकळे केस वाऱ्यावर. मागून चार होड्या येत होत्या. एकवीस वर्षांनी फेस्टी होडीत बसला होता आणि समुद्रानं हूं की चूं केलं नाही.

अर्ध्या तासाचं अंतर, त्या दिवशी तास लागला. लंडनचे हात ते. अर्ध्यावर येईपर्यंत वल्ह्यांच्या मुठी लाल झाल्या होत्या. मी म्हणालो, थोडं थांबू. तिनं मान हलवली.

बऱ्याच वेळानं, मागं न वळता, तिनं विचारलं, “कोलमन, माजं डावं मागं पडतंय का?”

“न्हाई,” मी म्हणालो.

पडत होतं.